आकडा उतरला, पण कशाने?

साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात सध्या दोन प्रकारचे वैद्यकीय ज्ञान शिरते आहे. एक दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या पत्रकावरून येते. ‘संपूर्ण शरीर तपासणी, घरी येऊन रक्त नेऊ’ असे त्यावर लिहिलेले असते आणि खाली ठळक अक्षरांत लिपिड प्रोफाइल असते. दुसरे मोबाइलवरच्या चित्रफितींमधून येते. कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे, म्हातारपणी ते जितके जास्त तितके आयुष्य जास्त, ते फुप्फुसांचे चिलखत आहे, तेव्हा गोळी बंद करा आणि तूप खा. पहिल्याला आकडा खाली आला की आनंद होतो, दुसऱ्याला तो वर राहिला की. भांडण मोठे आहे, आणि तरीही दोन्ही पक्ष एकाच कागदावरच्या, एकाच सकाळी काढलेल्या रक्तातल्या एकाच आकड्याकडे बघून बोलत असतात. तो आकडा मागच्या वर्षी किती होता, त्याच्या आदल्या वर्षी किती होता, तो कुठून कुठे आला आणि कशाने आला, हे विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही. माझी तक्रार या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत, आणि विशेषतः त्याच्या श्वासाच्या बाबतीत, हा प्रश्न न विचारणे मला धोक्याचे वाटते.

हृदयाच्या बाजूची कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असते. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात सुरू झालेला दीर्घ अभ्यास, जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीत शोधलेले औषध, १९८७ साली बाजारात आलेली पहिली स्टॅटिनची गोळी, आणि ४,४४४ हृदयरुग्णांवरची १९९४ची स्कँडिनेव्हियन चाचणी, जिच्यानंतर शंकेला फारशी जागा उरली नाही. ती पुन्हा उगाळत नाही. फुप्फुसाची बाजू मात्र क्वचितच कोणी सांगते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे.

फुप्फुसांच्या टोकाशी कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांना आतून पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि पाण्याचा पृष्ठताण इतका असतो की नुसते पाणी असते तर प्रत्येक उच्छ्वासाला हे कोश मिटून चिकटले असते. ते मिटत नाहीत, कारण त्या पाण्यावर स्निग्ध पदार्थांचा एक पडदा पसरलेला असतो. या पडद्याचा सुमारे नऊ दशांश भाग चरबीचा असतो आणि उरलेला प्रथिनांचा. चरबीत मुख्य वाटा फॉस्फोलिपिडांचा आणि त्यांच्याखालोखाल कोलेस्टेरॉलचा. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळे श्वास घेता न आल्याने का दगावतात, याचे उत्तर १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दिले: त्यांच्या फुप्फुसांत हा पडदा तयारच झालेला नसतो. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचे, केनेडींचे, बाळ दोन दिवसांत याच आजाराने गेले आणि तेव्हा जगातल्या सर्वांत सुसज्ज देशाकडेही त्यावर इलाज नव्हता.

या पडद्यातले कोलेस्टेरॉल बरेचसे रक्तातून येते. रक्तात फिरणाऱ्या स्निग्ध कणांतून फुप्फुसाच्या पेशी ते उचलतात. पडदा जुना होतो, तेव्हा त्याचा काही भाग त्याच पेशी परत घेतात आणि काही भाग वायुकोशांत फिरणाऱ्या भक्षक पेशी गिळतात. या भक्षक पेशींना कोलेस्टेरॉल मोडता येत नाही. ते बाहेर काढून एचडीएलच्या कणांच्या हवाली करावे लागते. ही वाट अडली की पेशी चरबीने फुगतात, पडद्याचा माल साचत जातो आणि वायुकोश दुधाळ द्रवाने भरतात. हा आजार विरळा आहे, पण २०१८ साली त्यावर चक्क स्टॅटिन वापरून पाहण्यात आले आणि गुण आल्याची नोंद झाली. म्हणजे रक्तातली चरबी आणि श्वास यांचे नाते कोणी उगाच जुळवलेले नाही. ते आहे, आणि रोजचे आहे.

‘चिलखता’ची भाषा लोकांना पटते ती यामुळेच. तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. पण एखाद्या अवयवाला एखादी वस्तू लागते, म्हणून ती रक्तात जितकी जास्त तितके त्या अवयवाचे भले, हे अनुमान कोणत्याच अवयवाच्या बाबतीत टिकत नाही. याच पडद्यात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर गेले की त्याची पृष्ठताण कमी करण्याची ताकद घटते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. फुप्फुसाला नियमन हवे असते, साठा नव्हे.

तरीही उलट पक्षाची सगळ्यात भक्कम बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ती बाजू चित्रफितींपेक्षा पुष्कळच गंभीर आहे. अमेरिका, युरोप, जपान आणि इस्रायलमधल्या १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १६०च्या खाली होते त्यांच्यात श्वसनाच्या आजारांनी होणारे मृत्यू जास्त होते, असे त्यात दिसले. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात पंच्याऐंशी ओलांडलेल्या ७२४ लोकांचा अभ्यास १९९७ साली छापून आला. त्यात कोलेस्टेरॉल जास्त असलेले अधिक जगले, आणि त्याचे कारण त्यांच्यात कर्करोगाने आणि संसर्गाने होणारे मृत्यू कमी होते. इतक्या वयात संसर्ग म्हणजे बहुधा न्युमोनियाच. मग २०१६ साली स्वीडनचे उफे राव्हन्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या ६८,०९४ लोकांवरचे १९ अभ्यास एकत्र केले आणि सांगितले की, बहुसंख्य ठिकाणी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणून ओळखले जाणारे कोलेस्टेरॉल, जास्त असलेल्यांचे मृत्यू कमी आहेत. तूप खाण्याचे सल्ले देणाऱ्यांनी हा निबंध वाचला असेल-नसेल, पण त्यांच्या बोलण्याचा उगम तिथे आहे.

या निबंधाशी माझे भांडण त्यातल्या आकड्यांवरून नाही. ते खरे आहेत असेच मी धरून चालतो. भांडण आहे ते त्या आकड्यांना काय बोलायला लावले आहे यावरून.

या अभ्यासांची रीत पाहा. साठीच्या पुढचा माणूस अभ्यासात येतो, त्याचे रक्त सुरुवातीला घेतले जाते, मग तो किती वर्षे जगला हे मोजले जाते. ज्या दिवशी रक्त घेतले त्या दिवशी तो कोणत्या वाटेवर होता, हे त्या एका मोजणीत दिसत नाही. सत्तरीतल्या माणसाचे कोलेस्टेरॉल १५० असेल, तर ते त्याच्या विशीपासून तेवढेच असेल. किंवा पाच वर्षांपूर्वी २२० असेल आणि त्याची भूक, त्याचे स्नायू, त्याचे यकृत हळूहळू हरत चालल्यामुळे इथवर आले असेल. विहिरीचे पाणी उपशाने उतरते आणि झरे आटल्यानेही उतरते. काठावरून दोरी सोडून खोली मोजणाऱ्याला दोन्ही विहिरी सारख्याच दिसतात.

आजारपणाने कोलेस्टेरॉल उतरते ही काही तर्काची करामत नाही. शरीरात दाह पेटला की रक्तातले एलडीएल झपाट्याने उतरते आणि एचडीएलही खाली जाते. न्युमोनियात हे दिसते, क्षयात दिसते, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दिसते. जुनाट श्वसनविकारात तर हे वर्षानुवर्षे मंद आचेवर चाललेले असते. ज्याची श्वासनलिका अरुंद झाली आहे त्याला प्रत्येक श्वासासाठी कष्ट पडतात आणि त्या कष्टात ऊर्जा जळते. जेवताना धाप लागते म्हणून तो कमी जेवतो. चालताना धाप लागते म्हणून बसून राहतो आणि स्नायू गळतात. अशा माणसाचे कोलेस्टेरॉल कमी असेल, आणि तो लवकर मरेल. यात कोलेस्टेरॉल कमी असल्यामुळे तो मेला असे म्हणणे म्हणजे परिणामाला कारणाच्या जागी बसवणे.

या शंकेला जुना पुरावा आहे, आणि तो राव्हन्स्कोव्ह यांच्या निबंधाच्या वीस वर्षे आधीचा आहे. हवाईच्या ओआहू बेटावर जपानी वंशाच्या ८,००६ पुरुषांचा अभ्यास १९६५ साली सुरू झाला. त्यातल्या ५,९४१ जणांचे कोलेस्टेरॉल काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजलेले होते. १९९५ साली कार्लोस इरिबारेन आणि सहकाऱ्यांनी त्यांचे गट पाडले. ज्यांचे कोलेस्टेरॉल मधल्या पट्ट्यातून घसरून १८०च्या खाली आले त्यांच्यात पुढच्या काळातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी जास्त होते. जे दोन्ही वेळा १८०च्या खालीच होते त्यांच्यात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. आकडा तोच, कागद तोच, बेट तेच. फरक होता तो तिथवर येण्याच्या वाटेचा.

इथे थांबलो असतो तर माझे काम सोपे होते. पण याच बेटावरच्या याच अभ्यासातून २००१ साली आलेला निबंध माझ्या म्हणण्याच्या आड येतो आणि तो बाजूला सारून पुढे जाणे मला पटत नाही. तोवर हे पुरुष ७१ ते ९३ वर्षांचे झाले होते. त्यांच्या वीस वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजण्या ताडून पाहिल्या, तर ज्यांचे कोलेस्टेरॉल दोन्ही वेळा कमी होते त्यांच्यातच मृत्यूचे प्रमाण लक्षणीय जास्त निघाले. निबंधकारांनी त्यावरून म्हाताऱ्यांचे कोलेस्टेरॉल फार खाली नेण्याच्या शहाणपणाविषयीच शंका घेतली. प्रतिपक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. माझे उत्तर असे की वीस वर्षांच्या दोन टोकांवरचे दोन बिंदू जोडून रेघ निघते, मधले चढउतार निघत नाहीत. पन्नाशीत कमी आणि पंचाहत्तरीत कमी असलेल्या माणसाने मध्ये काय काय सोसले, त्याचे वजन किती घटले, तो किती वेळा खाटेला खिळला, हे त्या दोन नमुन्यांत नाही. हे उत्तर पूर्ण समाधानाचे नाही हे मला दिसते. पण मग निर्णय कशावर करायचा? अशा वेळी निरीक्षणे सोडून जिथे माणसाने स्वतः हस्तक्षेप केला आहे, किंवा निसर्गाने जन्मतःच केला आहे, तिकडे वळावे लागते.

कोलेस्टेरॉल कमी असण्यानेच फुप्फुसे उघडी पडत असतील, तर गोळीने ते कमी केल्यावर श्वसनाचे मृत्यू वाढायला हवेत. स्टॅटिनच्या २८ चाचण्यांतल्या १,८६,८५४ लोकांची माहिती २०१९ साली वयोगटांनुसार तपासली गेली. त्यात १४,४८३ जण पंचाहत्तरीच्या पुढचे होते. हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेले मृत्यू कोणत्याही वयोगटात वाढले नव्हते. आधीचा हृदयविकार नसलेल्या पंचाहत्तरीपुढच्या लोकांना गोळीचा फायदा किती, याविषयी पुरावा तुलनेने तोकडा आहे, आणि जे डॉक्टर त्यांना ती सरसकट लिहून देतात त्यांच्याशी माझे वेगळे भांडण आहे. पण नुकसान, आणि तेही फुप्फुसांचे, त्यात दिसत नाही. पीसीएसके९ नावाच्या जनुकातल्या दोषामुळे काही माणसांचे एलडीएल जन्मभर कमी राहते, आणि अशा एका निरोगी तरुण स्त्रीचे एलडीएल अवघे १४ निघाले होते. तिचा श्वास अडत नव्हता. एलडीएलचे कण जंतूंची विषे बांधून ठेवतात म्हणून ते जास्त हवे, या युक्तिवादालाही याच जनुकाने छेद दिला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा, म्हणजे एलडीएल कमी ठेवणारा, दोष असलेल्या रुग्णांचे रक्तात भिनलेल्या गंभीर संसर्गातून वाचण्याचे प्रमाण अधिक होते, कारण त्यांचे यकृत एलडीएलबरोबर ती विषेही उचलून नेते. संरक्षण साठ्यात नव्हते, वाहतुकीत होते.

दुसऱ्या टोकाच्या उत्साहाला एवढी जागा द्यायची गरज नाही. बोस्टनमधल्या ८०३ वृद्ध पुरुषांच्या अभ्यासात, जोरात सोडलेल्या श्वासाची पहिल्या सेकंदातली हवा स्टॅटिन न घेणाऱ्यांमध्ये वर्षाला २३.९ मिलिलिटरने आणि घेणाऱ्यांमध्ये १०.९ मिलिलिटरने घटत होती, असे २००७ साली छापून आले आणि स्टॅटिन हे फुप्फुसांचेही औषध ठरणार अशी हवा झाली. २०१४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या जुनाट श्वसनविकाराच्या ८८५ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून सिम्व्हास्टॅटिन किंवा निरुपद्रवी गोळी दिली गेली आणि आजार उफाळण्याचे प्रमाण वर्षाला माणशी १.३६ आणि १.३९ निघाले. विषय संपला. बोस्टनमध्ये दिसलेला फरक गोळीचा नसावा: नेमाने गोळ्या घेणारा माणूस बहुधा इतरही बऱ्याच गोष्टी नेमाने करतो.

एचडीएलचे तर कोणी नावच घेऊ नये इतका गोंधळ आहे. अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका मोठ्या पाहणीत एचडीएल जास्त असलेल्यांची फुप्फुसे बरी निघाली, २०१४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात एचडीएल जास्त असलेल्यांच्या फुप्फुसांत वायुकोश फाटण्याचे प्रमाण अधिक निघाले, आणि कोपनहेगनमध्ये २०१८ साली असे दिसले की एचडीएल फार कमी आणि फार जास्त, दोन्ही असलेल्यांना संसर्ग जास्त होतात. पातळीवर हटून बसले की असेच होते. एकच पातळी दोन वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या माणसांना एका खोलीत बसवते आणि मग त्या खोलीची सरासरी काढली जाते.

फुप्फुसांच्या अभ्यासकांना ही गोष्ट फार आधी उमगलेली होती, आणि कोलेस्टेरॉलवर भांडणाऱ्यांनी ती त्यांच्याकडून उचलली नाही याचे मला राहून राहून वाईट वाटते. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनच्या कामकरी पुरुषांची फुप्फुसे आठ वर्षे पुन्हा पुन्हा मोजली आणि १९७७ साली एक आलेख छापला. त्या आलेखाने श्वसनविकाराचे सगळे आकलन बदलले. पंचविशीनंतर प्रत्येकाचा श्वास थोडा थोडा घटतो, वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटर. काही धूम्रपान करणाऱ्यांचा झपाट्याने घटतो, आणि विडी सोडली की गमावलेले परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. मग २०१५ साली पीटर लांगे आणि सहकाऱ्यांनी यात महत्त्वाची भर घातली. ज्यांना उतारवयात हा विकार जडला त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांची घसरण वेगाची नव्हतीच. त्यांची फुप्फुसे चाळिशीच्या आतच कमी क्षमतेची होती आणि नेहमीच्या वेगानेच घटत घटत ती विकाराच्या रेषेखाली आली. साठीला दोघांचा आकडा सारखा, पण एकाची कथा बालपणातली आणि दुसऱ्याची विडीची. पातळी आणि उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत उतार अधिक बोलतो. मला या सगळ्या वादातून एवढेच वाचवायचे आहे. बाकीचे गेले तरी चालेल.

महाराष्ट्रात हे वाचवणे का निकडीचे आहे ते सांगतो. देशात जुनाट श्वसनविकाराचे रुग्ण १९९०मधल्या २ कोटी ८१ लाखांवरून २०१६पर्यंत ५ कोटी ५३ लाखांवर गेले, आणि मृत्यूच्या कारणांत तो हृदयविकारानंतरचा दुसरा ठरला. विडी-सिगारेटच याचे कारण असते हा समज २००९ साली पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह लिहिलेल्या लेखाने मोडला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी आणि लाकूड, गोवऱ्या, काटक्यांचा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी. ज्या बायांनी विडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षे चुलीपुढे बसून फुंकणी मारली, त्या या आकड्यात आहेत. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर २०१६नंतर आला. तोवर त्यांचा श्वास जायचा तेवढा गेलेला होता. या बायांच्या गावात आरोग्य शिबिर भरते तेव्हा वजन, रक्तदाब, साखर आणि जमल्यास कोलेस्टेरॉल मोजले जाते. फुप्फुसाची फुंकर मोजणारे यंत्र सहसा तिथे नसते.

समजा, अशी एक बाई आहे. बहात्तर वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिचे एकूण कोलेस्टेरॉल २१२ होते आणि वजन ५१ किलो. गोळी तिला कोणी दिलेली नाही. यंदाच्या तपासणीत कोलेस्टेरॉल १५८ आले आहे आणि वजन ४४. कागदावर कोलेस्टेरॉलच्या पुढे छापील ताऱ्याची खूण नाही, कारण आकडा मर्यादेत आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, तुझा रिपोर्ट सुधारला.’ पत्रकवाल्यांच्या हिशेबाने ही बाई निरोगी झाली. चित्रफितवाल्यांच्या हिशेबाने तिला तूप कमी पडले. तिला दोन जिने चढताना तीनदा थांबावे लागते आणि पावसाळ्यात खोकला महिनाभर हटत नाही, हे कोणाच्याच हिशेबात नाही. तिचा उतार सगळे सांगत होता. ५४ अंकांची आणि सात किलोंची घसरण, गोळीविना, पथ्याविना. अशा बाईची थुंकी क्षयासाठी तपासायला हवी, फुंकर मोजायला हवी, छातीचा फोटो काढायला हवा, थायरॉइड आणि साखर बघायला हवी, आणि पोटात कुठे गाठ नाही ना याचीही खात्री करायला हवी. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र किंवा नवी चाचणी लागत नाही. जुना कागद लागतो.

आपल्या लोकांच्या रक्तातली चरबी युरोपातल्या पाठ्यपुस्तकांसारखी नाही, हेही यात धरले पाहिजे. महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या २०१४ सालच्या भारतीय पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले १३.९ टक्के होते, तर एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. म्हणजे इथे बहुतेकांची एकूण पातळी मुळातच फार उंच नसते. जो आधीच १७०वर आहे त्याचे ३० अंक कमी झाले तर कोणाच्या नजरेला येणार? त्यातच श्वसनविकाराच्या गंभीरतेच्या मापनात, २००४ पासून वापरल्या जाणाऱ्या बोड निर्देशांकात, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा २१ किंवा त्याखाली असणे हे धोक्याचे चिन्ह मानले जाते. खेड्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांचा हा आकडा २१च्या वर आहे, हे कोणत्याही एसटी स्टँडवर अर्धा तास बसून बघावे. कृश म्हातारी माणसे आपल्याला इतकी सवयीची झाली आहेत की त्यांचे कृश होत जाणे दिसेनासे झाले आहे.

याचा अर्थ कोलेस्टेरॉलची गोळी टाकून द्यावी असा कोणी घेतला, तर मी लिहिले त्याच्या नेमके उलट वाचले गेले असे होईल. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याच्या धमनीत स्टेंट आहे, ज्याला पक्षाघात झाला आहे, त्याने सत्तरीत आणि ऐंशीतही ती घ्यावी आणि कोणत्याही चित्रफितीपायी ती सोडू नये. त्याला धाप लागत असेल तरी सोडू नये. श्वसनविकाराच्या कितीतरी रुग्णांचा जीव शेवटी हृदयच घेते आणि गोळी तिथे राखण करते.

अडचणीची जागा दुसरीच आहे, आणि माझ्या मते म्हातारपणातल्या कोलेस्टेरॉलविषयी खरे शहाणपण लागते ते तिथेच. गोळी घेणाऱ्या माणसाचा आकडा गोळीने खाली येतोच, मग त्यात आजाराची घसरण मिसळली तर ओळखायची कशी? गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत एलडीएल उतरते आणि त्याच मात्रेवर मग ते साधारण स्थिर राहते. चार वर्षे ९०च्या आसपास असलेले एलडीएल पाचव्या वर्षी, मात्रा न वाढवता, खाणे जाणूनबुजून न बदलता, ५५वर आले, तर त्या पस्तीस अंकांचे श्रेय गोळीला देता येत नाही. ती घसरण दुसऱ्या कशाने तरी झालेली आहे. डॉक्टरांपुढे ठेवायची असते ती ही घसरण, आणि ती ठेवायला फाइलमध्ये जुने चार रिपोर्ट तारखेनुसार लावलेले असावे लागतात, प्रत्येकावर पेनने त्या दिवशीचे वजन लिहिलेले असावे लागते आणि गेल्या वर्षी माणूस बाजारापर्यंत न थांबता चालत जात होता की नाही, एवढी एक ओळ असावी लागते.